स्वागत कोणी पाहिलं? एका पलटणीची तीन स्वागतं आणि आपली साधनचिकित्सा

युद्धावरचं कुठलंही मराठी पुस्तक उघडा, माजी सैनिकाचं १५ ऑगस्टचं भाषण ऐका, किंवा एखाद्या पलटणीचा इतिहास चाळा. एक वाक्य हमखास भेटतं. आमचे जवान गावात शिरले आणि लोकांनी त्यांचं जल्लोषात स्वागत केलं. शब्द थोडे इकडेतिकडे होतील, पण वाक्य तेच.

हे वाक्य खोटं नसतं. अडचण वेगळीच आहे. ते आलं की आपण प्रश्न विचारायचे थांबतो. लोकांनी हार घातले, म्हणजे लोक खूश होते, म्हणजे ती मुक्ती होती, म्हणजे प्रकरण संपलं. सिनॉप्सिसमध्ये तीन पायऱ्या एका दमात चढून जायच्या आणि मग व्हायवाला परीक्षकांनी पहिल्याच पायरीवर अडवायचं, असा प्रकार होतो.

आजची पोस्ट म्हणजे त्या एका वाक्याची समीक्षा. कवितेची करतो तशीच करायची. बोलतंय कोण, कुठे उभं राहून बोलतंय, चित्रात कोण आहे, चित्राबाहेर कोण राहिलं?

आत्ताच का, तर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरलात तर १९७१ चे माजी सैनिक अजून भेटतात. तेव्हा विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६१ मध्ये गोव्यात गेलेला असेल तर पंच्याऐंशीच्या घरात. ज्यांना मौखिक इतिहासावर काम करायचं आहे, त्यांच्याकडे वर्षं मोजकीच उरली आहेत. आणि ती माणसं समोर बसलेली असताना आपण चुकीचा प्रश्न विचारला, तर छापील इतिहासातलं तेच वाक्य आपल्याला परत ऐकायला मिळेल.

उदाहरणासाठी एकच पलटण घेऊ, म्हणजे तुलना नीट होईल. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेली ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ३ री बटालियन. युद्धानंतर ती छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा (मराठा) या नावाने ओळखली जाऊ लागली. हीच पलटण १९६१ मध्ये गोव्यात होती आणि १९७१ मध्ये टांगाईलला उतरली. म्हणजे सत्तावीस वर्षांत तीन देशांच्या तावडीतला मुलूख, आणि तीन वेळा ‘मुक्त करणारे’ म्हणून प्रवेश.

इटली, १९४४ : मुक्त करणारा स्वतः मुक्त होता का?

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तांशी तह केला, आणि देशाचा मोठा भाग जर्मन सैन्याने ताब्यात घेतला. पुढे जवळपास दीड वर्ष दोस्त सैन्य दक्षिणेकडून एकेक नदी, एकेक डोंगर ओलांडत वर सरकत होतं. त्यात पन्नास हजारांहून अधिक भारतीय होते. ५,७८२ भारतीय तिथे मेले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांना मिळाले. त्यातले एक आपल्या पलटणीचे, रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात ते पडले आणि पदक मरणोत्तर मिळालं.

आता समीक्षेचा पहिला प्रश्न. इटालियन शेतकऱ्याने ज्याचं स्वागत केलं, तो जवान कोणाचा होता? ब्रिटिश राजाचा. त्याच्या घरी काय चाललं होतं? आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात तेव्हा प्रतिसरकारचं काम जोरात होतं आणि त्याच ब्रिटिश सरकारचे पोलीस भूमिगतांना गावोगाव शोधत होते. म्हणजे एका भावाने परक्या मुलुखात राजाच्या वतीने स्वातंत्र्य पोचवायचं आणि दुसऱ्याने घरी त्याच राजाविरुद्ध लपतछपत लढायचं, हे एका घरातसुद्धा शक्य होतं. जवानाला हा पेच जाणवला का? जाणवला असेल तर त्याने तो लिहिला का?

इथे साधनाचा प्रश्न येतो. जवानांची पत्रं सेन्सॉरकडून जात. सेन्सॉरच्या अहवालांत त्या पत्रांतले उतारे आजही मिळतात, पण ते इंग्रजी भाषांतरात आणि सेन्सॉरला महत्त्वाचे वाटले तेवढेच. सैन्याचं मनोधैर्य कसं आहे, हे वरिष्ठांना कळावं म्हणून ते अहवाल बनत. तेव्हा स्वागताचा उतारा तिथे सापडला, तर दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवा. जवानाने ते लिहिलं हे खरं. आणि सेन्सॉरला ते निवडावंसं वाटलं हेही खरं. मूळ मराठी पत्र मात्र घरी आलं. ते कुठे असेल तर एखाद्या गावातल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात किंवा पेन्शनच्या कागदांच्या पिशवीत.

भाषेचंही बघा. टायबरकाठचा शेतकरी आणि मराठी जवान यांच्यात समान भाषा नव्हती. जे काही घडलं ते हातवाऱ्यांनी, खाण्यापिण्याने, फार तर मोडक्यातोडक्या दोनचार शब्दांनी. म्हणून ‘ते म्हणाले, तुम्ही आम्हाला वाचवलंत’ असं कोणी सांगितलं, तर लगेच टिपून घेऊ नका. कोण म्हणालं, कोणत्या भाषेत, आणि तुम्हाला कसं समजलं, हे विचारा. उत्तर रंजक असतं, आणि कित्येकदा मूळ वाक्यापेक्षा जास्त मोलाचं.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने इथे घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. हेही स्वागतच म्हणायचं, पण ७९ वर्षांनी केलेलं आणि विचार करून केलेलं. गडबडीत घातलेला हार आणि ठरवून उभारलेला दगड ही दोन वेगळी साधनं आहेत. एकाच तळटिपेत दोन्ही कोंबू नका.

गोवा, १९६१ : रस्ता ठरवतो काय दिसणार

ऑपरेशन विजय १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालं आणि १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागतीवर सही केली. उत्तरेकडून ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड तीन वाटांनी आत आली. २ पॅरा उसगावमार्गे फोंड्याकडे गेली.

इथे आपल्या जवानाला भाषा समजत होती. कोकणी थोडी, मराठी पूर्ण. फोंड्याचं मंगेशीचं देऊळ त्याच्या घरच्या बायकांनाही नावाने माहीत असणार. म्हणून गोव्याच्या आठवणींत ‘आपलेच लोक’ हा शब्द सहज येतो. आणि इथेच जपायला हवं.

कारण रस्ता. फोंडा नव्या काबिजादींत येतो, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या मुलुखात. तिथे मराठीशी नातं घट्ट होतं. पणजी आणि आजूबाजूचा प्रदेश जुन्या काबिजादींतला, साडेचारशे वर्षं पोर्तुगीज अमलाखालचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहण्याला १,७२,१९१. नव्या काबिजादींत विलीनीकरणाला पाठिंबा जास्त होता आणि जुन्या काबिजादींत विरोध जास्त.

आता नकाशावर दोन्ही गोष्टी एकमेकींवर ठेवा. मराठा जवान ज्या वाटेने आत गेले, तिथे त्यांना ‘आपलेच लोक’ भेटण्याची शक्यता मुळात जास्त होती. त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. पण ‘गोव्याने आमचं स्वागत केलं’ असं म्हटल्याबरोबर उसगाव-फोंडा रस्त्याचं अख्खं गोवा होतं. पोर्तुगीज गेले म्हणून आनंद होणं आणि महाराष्ट्रात यायला तयार असणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या, हे पाच वर्षांनी मतपेटीने दाखवलं.

आणखी एक बारीक नोंद. पॅरा ब्रिगेड पणजीत शिरताना जवानांना पोलादी शिरस्त्राणं काढून रेजिमेंटची मरून टोपी घालण्याचा हुकूम होता. का? आम्ही लढायला नाही आलो, हे लोकांना दिसावं म्हणून, असा अर्थ मी लावतो. म्हणजे स्वागताच्या दृश्याची अर्धी मांडणी पलटणीनेही केलेली असते. लोक जसे रस्त्यावर येतात, तसं सैन्यही स्वतःला पाहण्याजोगं करतं. पुस्तकात मात्र फक्त गर्दी दिसते, हुकूम दिसत नाही.

टांगाईल, १९७१ : फोटो, गावकरी आणि चित्राबाहेरचे

११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली २ पॅराची सुमारे सातशे माणसं टांगाईलजवळ उतरली. काम होतं पूंगली पूल ताब्यात घ्यायचं, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे मागे हटणारं पाकिस्तानी सैन्य अडेल. दुसऱ्या दिवशी १ मराठा लाइट इन्फन्ट्री जमिनीवरून येऊन त्यांना मिळाली.

या उडीचा म्हणून जो फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला, तो टांगाईलचा नव्हताच. आग्र्याला आधी झालेल्या सरावातला तो फोटो सरकारी जनसंपर्क अधिकाऱ्याने छापायला दिला होता. आकाशभर छत्र्या दिसल्या आणि अख्खी ब्रिगेडच उतरली असा समज पसरला. शत्रूवर त्याचा दाब आला, तो लष्कराच्या फायद्याचाच ठरला. तुमच्या स्लाइडवर तो फोटो असेल, तर खाली आग्रा लिहा.

आता गावकरी. उडी मारताना सामान शेतांत आणि तळ्यांत विखुरलं होतं. ते गोळा करायला, वाहायला स्थानिक लोकांनी हात लावला. त्याच मोहिमेत जमालपूरला पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याचं पत्र द्यायचं होतं, ते घेऊन शत्रूच्या ठाण्यात गेले जहुरुल हक मुन्शी. त्यांना मारहाण झाली, आणि उत्तराच्या लखोट्यात बंदुकीची गोळी घालून त्यांना परत पाठवलं गेलं. बांगलादेशाने त्यांना पुढे बीर प्रतीक हा किताब दिला.

याला स्वागत म्हणायचं का? माझ्या मते हा शब्दच अपुरा आहे. स्वागत म्हटलं की येणारा कर्ता होतो आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. टांगाईलच्या भागात मुक्तिवाहिनी महिनोन् महिने लढत होती. लोक यजमान होते, वाटाडे होते, हमाल होते, निरोपे होते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या लढाईत शेवटच्या टप्प्याला बाहेरून कुमक आली. आपल्याकडच्या लिखाणात हा कर्ता-कर्म बदल सर्रास होतो. वाक्याचं व्याकरण तपासलं तरी तो सापडतो.

१६ डिसेंबरच्या सकाळी हीच पलटण मीरपूरच्या पुलावरून ढाक्यात शिरली. दुपारी शरणागती झाली. रस्ते माणसांनी फुलले. पण मीरपूर हा उर्दू बोलणाऱ्या, ‘बिहारी’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या मोठ्या वस्तीचा भाग होता. त्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी सैन्याला साथ दिली होती, आणि आता भीती सगळ्यांनाच होती. त्या घरांची दारं त्या सकाळी उघडी असतील का? दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, ढाक्याच्या मैदानावर हात बांधलेल्या कैद्यांना जमावासमोर संगिनींनी मारण्यात आलं. होर्स्ट फास आणि मिशेल लोराँ यांनी त्याचे फोटो काढले आणि १९७२ चं पुलित्झर त्यांना मिळालं. पुढे त्या वस्त्यांच्या रक्षणाचं काम भारतीय सैन्यावरच आलं.

म्हणजे स्वागताच्या दृश्यात दोन प्रकारची माणसं नसतात. एक, ज्यांना भीती वाटते ते. दुसरे, जे आधीच मारले गेले ते. आणि १६ तारखेला हार घेतलेला जवान पुढच्याच आठवड्यात कोणाच्या तरी बंद दाराबाहेर पहारा देत असेल. भाषणात तो हाराबद्दल सांगतो. पहाऱ्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही.

इंदापूरवरून जाणारा रस्ता

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याच हायवेवर या. पुणे-सोलापूर रस्ता इंदापूरवरून जातो. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात घुसणारं मुख्य दल सोलापुरातून निघालं. १३ तारखेला नळदुर्ग पडलं आणि १७ ला निजामाने हार मानली. रझाकारांचा जाच सोसलेल्या मराठवाड्यातल्या गावांनी सुटकेचा श्वास घेतला, यात शंका नाही. आपण १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

त्याच वर्षअखेरीस केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, बहुसंख्य मुसलमान, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. काही ठिकाणी सैन्याने लोकांना वाचवलं आणि काही ठिकाणी सैन्यातले लोक लुटीत सामील झाले, अशा दोन्ही नोंदी त्यात आहेत. अहवाल अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

संशोधकाने यातलं एक निवडून दुसरं टाकायचं नसतं. रझाकारांचा जाच खरा, सुटका खरी आणि त्यानंतरची कत्तलही खरी. स्वागताचं वाक्य या तिन्हींपैकी मधल्या एकाच गोष्टीवर उजेड टाकतं.

मग जवानाची आठवण कशाला?

इथे एक रास्त आक्षेप येतो. एवढा कीस काढायचा म्हणजे म्हाताऱ्या फौजीवर अविश्वास दाखवायचा का? ज्याने जीव धोक्यात घातला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला क्षण आपण ओरबाडायचा का?

माझं म्हणणं उलट आहे. त्याच्यावर जे ओझं नाही ते आपणच लादतो. अख्ख्या देशाच्या मनात काय होतं, हे त्याने सांगावं अशी अपेक्षा करतो, आणि त्याला स्वतःला काय झालं हे विचारतच नाही. तो एका रस्त्याने, एका दिवशी, बहुधा तासभर त्या गावात होता. त्या तासाबद्दल त्याच्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा नाही. त्याबाहेरचं मतपेटी सांगेल, अहवाल सांगेल, त्या गावातली माणसं सांगतील.

म्हणून मुलाखतीला जाताना ‘लोकांनी तुमचं स्वागत कसं केलं?’ हा प्रश्न वहीतून खोडा. त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी असं काही विचारून बघा. गावात शिरलात तेव्हा पहिलं माणूस कोण दिसलं? बायका बाहेर होत्या का? कोणतं दार बंद होतं? लोकांशी बोलायचं की नाही, यावर वरून काय हुकूम होता? किती वेळ थांबलात? दुसऱ्या दिवशी काय पाहिलंत?

आणि पाणी कोणी दिलं, कशातून दिलं, हे नक्की विचारा. महार रेजिमेंटमधल्या माजी सैनिकाकडे बसला असाल तर या प्रश्नानंतर गप्प राहा, त्यांना वेळ द्या. परमुलुखात अनोळखी बाईने तांब्या पुढे केला आणि सुट्टीवर घरी आल्यावर पाणवठ्यावर काय अनुभव आला, ही तुलना त्यांनी मनात केली असेल, तर ती तुमच्या प्रबंधाचं प्रकरण आहे. केली नसेल, तर तेही लिहून घ्या.

इंदापूर तालुक्यात आणखी एक धागा आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भीमाकाठची गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. १९७१ मध्ये दुसऱ्यांच्या उजाड गावांतून चालत गेलेल्या इथल्या एखाद्या जवानाने काही वर्षांत स्वतःच्या घराच्या तुळया उतरवल्या असतील. विस्थापित गावातल्या माजी सैनिकाशी बोलताना हे दोन्ही प्रसंग एकाच बैठकीत येऊ द्या. ‘मुक्ती’ आणि ‘विकास’ हे सरकारी कागदावरचे दोन शब्द त्याच्या बोलण्यात कसे येतात ते ऐका. घर हलवताना कागदांचं काय झालं, हेही विचारा. पत्रांची ट्रंक नव्या गावठाणात पोचली का, हा भावनिक प्रश्न वाटेल, पण तुमच्या साधनांची यादी त्यावर ठरणार आहे.

पेटची तयारी करणाऱ्यांसाठी शेवटी एक काम. तुमच्या आराखड्यात ‘स्वागत’ हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी लिहा : कोणता रस्ता, कोणता दिवस, कोणती भाषा. जिथे तिन्ही भरता येतील, तिथे वाक्य तसंच ठेवा. जिथे एकही भरता येत नाही, तिथे ते वाक्य काढा आणि त्या जागी मुलाखतीसाठी एका गावाचं नाव लिहा. एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल, असं गाव आपल्या दोन्ही तालुक्यांत नक्की मिळेल.